चौथ्या दारावरची ड्यूटी

२ फेब्रुवारी

आज मी आमदार झाले आणि दुपारच्या आत अख्खं सभागृह रिकामं करून दाखवलं. उद्या पेपरात हे तिखटमीठ लावून येणारच, म्हणून आधी खरं काय ते लिहून ठेवते.

शपथ नीट झाली. आवाज कापला, पण शब्द चुकला नाही. पुढे कुठल्याशा ठरावावर मतदान घ्यायचं ठरलं आणि घंटा वाजायला लागली. बाहेर चहा पीत बसलेल्या आमदारांना मतदानासाठी आत बोलावायची ती घंटा, असं नव्या आमदारांना देतात त्या पुस्तिकेत बाराव्या पानावर लिहिलेलं आहे. मी अकराव्या पानापर्यंत पोचले होते.

अग्निशमन दलात सहा वर्षं काढलेल्या माणसाला घंटेचा दुसरा अर्थच ठाऊक नसतो. मी उठले, शेजारचं दार सताड उघडलं आणि ओरडले, "सामान तिथेच ठेवा! धावू नका! माझ्यामागून जिन्याने खाली!" वाईट एवढंच की सगळ्यांनी ऐकलं. सत्ताधारी आले, विरोधक आले, एक मंत्री एकाच पायात बूट घालून आले. खाली बागेत मी त्यांना रांगेत उभं करून हजेरी घेत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून अध्यक्षांनी डोकं बाहेर काढलं. तेवढे एकटेच आत राहिले होते. म्हणाले, "बाई, ही घंटा आत येण्याची आहे."

मग मला त्यांच्या दालनात बसवून ठेवलं आणि मतदान माझ्याशिवाय झालं.

३ फेब्रुवारी

पेपरात आलं: 'बंबताईंचा पहिला आदेश, सगळे बाहेर!' आईने पेपर टेबलावर पालथा टाकला. बाबांनी तो सुलटा केला. बाबा लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेत.

"किती वेळ लागला गं रिकामं व्हायला?"

"बाबा, ही चेष्टा नाही."

"चेष्टा कोण करतंय? गुडघेदुखीवाले किती होते त्यात, ते सांग."

आई म्हणाली, "लहानपणापासून सांगतेय, आधी प्रश्न नीट वाचायचा, मग उत्तर लिहायचं."

आईचा तो हक्कच आहे. बाबांची नेमणूक तेव्हा तेलाच्या टाक्यांच्या डेपोवर होती आणि जवळपास शाळा नव्हती, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले. अक्षरं आईने शिकवली, अंक बाबांनी, बंबाच्या नळ्या मोजायला लावून. वर्गात मी एकटी. त्यामुळे पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. ती सवय अजून गेलेली नाही. कुणी शाबासकी दिली की वाटतं, आता पाठोपाठ ओरडा बसणार.

आमदारकीचंही तसंच आहे. आमच्या पक्षाचा ठरलेला उमेदवार ऐनवेळी रुसून बसला आणि तात्या आमच्या स्टेशनवर आले. तात्या म्हणजे पक्षाचे प्रतोद, आमदारांना गोळा करून मतदानाला बसवणं हे त्यांचं काम. म्हणाले, "मला घरोघरी ओळखीची, शांत मुलगी हवी." प्रचारात मी घरोघर गेले, लोकांच्या गॅसच्या नळ्या तपासल्या, जिन्यातल्या सायकली हलवायला लावल्या आणि मत मागायचं बहुतेक ठिकाणी विसरले. तरी निवडून आले. कशी, ते मला अजून समजलेलं नाही. कुठेतरी मोजणीत चूक असावी असं वाटून मी दोनदा चौकशीही केली. तात्यांनी तिसऱ्यांदा करू दिली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सावकाश येऊन गेला. हा आमच्या स्टेशनवरच्या बंबाचा ड्रायव्हर. गाडी हाकताना प्रत्येक वळणावर स्वतःलाच "सावकाश, सावकाश" म्हणतो आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचतो, म्हणून त्याला तेच नाव पडलं.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला लाल अग्निशामक सिलिंडर आहे, त्याचा काटा बघायला आला होता. काटा हिरव्या पट्ट्यात असला की सिलिंडर ठीक. महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरतो, हे मी त्याला गेल्याच रविवारी सांगितलं होतं. त्याने आज पुन्हा पाहिला, काच रुमालाने पुसली, चहा घेतला आणि गेला. इतका कर्तव्यदक्ष माणूस दलात दुसरा नाही. फक्त काळजी वाटते. सगळ्यांच्याच घरी हा दर आठवड्याला जात असेल तर त्याला सुट्टी मिळते कधी?

हे मी आईला बोलून दाखवलं. आईला ठसका लागला.

१३ फेब्रुवारी

आज माझं विधेयक मांडलं. सरकार आणतं ती विधेयकं वेगळी. एखाद्या आमदाराने स्वतःच्या जिवावर आणलेल्या विधेयकाला शुक्रवारची दुपार देतात, सभागृह पेंगायला लागतं तेव्हाची. कलम एकच आहे. जिथे माणसं जमतात तिथली बाहेर जायची दारं, आत माणसं असेपर्यंत, कुलूप लावून ठेवायची नाहीत. ढकलली की ती बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत.

हे का आणलं ते मला सभागृहात धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. गेल्या वर्षी एका नृत्यवर्गाच्या कार्यक्रमात हॉलचा पडदा पेटला. माझी ड्यूटी दारावर होती. धुरात शिरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला दारावरच्या माणसाकडे देऊन आत जातो. त्याने तो फळीवर अडकवायचा आणि माणूस बाहेर आला की परत द्यायचा. आत कोण आहे हे पक्कं ठाऊक असणारा तो एकटाच, म्हणून काही झालं तरी त्याने दार सोडायचं नाही. त्या दिवशी मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून मुली दारावर हात आपटत होत्या. आमच्या लोकांनी कुलूप तोडलं. सगळ्या सुखरूप बाहेर आल्या, एकीने तर लगेच विचारलं, "उद्या क्लासला सुट्टी ना?" पण तो हात आपटल्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही. किल्लीवाला सगळ्यांच्या आधी बाहेर आला होता, किल्ली खिशात घेऊन.

१६ फेब्रुवारी

पुस्तिका वाचून संपली. मागची सूचीही वाचली.

२० फेब्रुवारी

विरोधी बाकांवर एक 'मालक' बसतात. शहरात त्यांची तीन थिएटरं आहेत. वयाने बाबांएवढे, आवाज थिएटरातल्या स्पीकरसारखा. आज ते माझ्या विधेयकावर बोलले.

"अध्यक्ष महोदय, बंबताईंना माझं मागचं दार मोकळं हवंय. पण मागचं दार मोकळं सोडल्यावर पुढच्या दाराला तिकीट कोण काढणार? निम्मं शहर फुकट सिनेमा बघेल! बघू दे बापडं. पण मग पडद्यावरच्या हिरोचं मानधन बंबताईंनी द्यावं, पगारातून!"

सगळे हसले. तात्याही हसले. मीही हसले, आणि मग वाटलं, स्वतःच्या विधेयकावर आपण तरी हसायला नको होतं.

२४ फेब्रुवारी

मालकांच्या थिएटरात जाऊन आले. तिकीट काढून गेले, उगाच कुणी काही म्हणायला नको. मध्यंतरात मागच्या दाराला घातलेली साखळी बघत उभी होते, तर पाठीमागून आवाज आला.

"फुकटे शोधायला आलो आणि सापडली आमदार!"

मी घाईघाईने तिकीट दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून खरोखर तपासलं. मग मी म्हटलं, "मालक, या दाराला बाहेरून कडी-मूठ काहीच ठेवू नका. बाहेरच्या माणसाला ती नुसती भिंत. आतून कमरेएवढ्या उंचीवर आडवा दांडा लावा. अंगाने ढकलला की दार उघडतं. बाहेरून एकही फुकटा शिरणार नाही, आतून एकही माणूस अडकणार नाही."

"म्हातारी बाई ढकलू शकेल?"

"पहिलीतलं मूल ढकलेल."

"मग हे सभागृहात का नाही बोललीस?"

"तुम्ही सगळ्यांना हसवलंत. मग मला आठवेचना."

मालकांनी साखळी हातात घेऊन ओढून पाहिली. मग म्हणाले, "हे बघ पोरी, आमच्या पक्षाचा आदेश निघालाय, तुझ्या विधेयकाच्या विरोधात मत द्यायचं. आदेश मोडला तर माझी आमदारकी जाईल. तेव्हा माझ्यावर आशा ठेवू नकोस."

"मी आशा ठेवलेलीच नाही," मी म्हटलं. "मी फक्त दाराचं सांगितलं."

का कोण जाणे, त्यांना हे लागल्यासारखं दिसलं. बोलताना मी जरा जपून बोलायला हवं. "सिनेमा सुरू झालाय, जा," एवढंच म्हणाले.

६ मार्च

भयंकर शोध लागला.

माझ्या देखत झालेली आतापर्यंतची सगळी मतदानं 'होय'–'नाही' असं ओरडून झाली होती. आज मी पहिल्यांदाच एकेकाला उभं करून मोजताना पाहिलं. घंटा वाजली, सगळे आत आले, मीही शहाण्यासारखी आत बसून राहिले. घंटा थांबली आणि चारही दारांना बाहेरून कुलपं लागली. मी स्वतःच्या कानांनी ऐकली, एकामागून एक. मतदान चालू असताना कुणी आत-बाहेर करू नये म्हणून. पुस्तिकेत 'दारे बंद करण्यात येतील' एवढंच लिहिलंय, मला वाटलं लोटून घेत असतील.

चार दारं, दोन वेगळे वऱ्हांडे, आणि चारही किल्ल्यांचा जुडगा एकाच शिपायाकडे. तो शेवटचं कुलूप लावून पाणी प्यायला जातो, हे मी नंतर त्यालाच विचारून घेतलं. बिचारा म्हणाला, "तहान लागते हो ताई."

मला मत कशाला दिलं तेच आठवत नाही. सगळा वेळ मी दारांकडे बघत होते.

म्हणजे माझ्या विधेयकावर मतदान होईल तेव्हा आम्ही सगळे कुलूप लावलेल्या खोलीत बसून ठरवणार, की माणसांना कुलूप लावलेल्या खोलीत बसवू नये.

९ मार्च

अध्यक्षांना भेटले. नियमाचा माणूस. नियमात बसत असेल तर डोंगरही हलवतील, नसेल बसत तर पेन्सिलही नाही.

"कायदा होईपर्यंत कुलूप कायदेशीर आहे, बाई."

"साहेब, निदान प्रत्येक दाराबाहेर त्या दाराची किल्ली घेऊन एकेक माणूस उभा राहू दे. दार सोडून न जाणारा."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत सगळे नियम मनात चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बसतंय! नियमात बसतंय!" मग पुन्हा पडला. "पण माझ्याकडे शिपाई तीनच आहेत. चौथ्याची जागा रिकामी आहे. आणि मतदानाच्या वेळी वऱ्हांड्यात सभागृहाचे कर्मचारी आणि आमदार यांच्याशिवाय कुणाला थांबता येत नाही."

"आमदार चालेल?"

"चालेल. फक्त दार लागल्यावर बाहेर राहिलेल्या आमदाराला मत देता येणार नाही."

मी विचार करून सांगते म्हटलं. बाहेर आले तेव्हा विचार झालेला होता. आता नुसती भीती उरली आहे.

१५ मार्च, रविवार

सावकाशने काटा पाहिला. हिरव्यात. मी त्याला चौथ्या दाराचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही दारावर असलात की आत जाणाऱ्याला भीती वाटत नाही." मी म्हटलं, तू तर ड्रायव्हर, तू कधी आत गेलास? तर तो लाल होऊन सिलिंडरच पुसत बसला. त्याला कमी लेखायचा माझा हेतू नव्हता. पुढच्या रविवारी माफी मागीन.

२० मार्च

तात्यांना सांगितलं. टाळण्यासारखं नव्हतं. आधी मी आमच्यातल्या दोघांना विचारून पाहिलं होतं, पण ज्याला दाराचं काही पडलेलं नाही त्याला माझ्या काळजीपायी मत गमवायला कसं सांगायचं? मीच अर्ध्यात थांबले.

तात्यांनी बोटं मोजून दाखवली. "सगळे धरून-बांधून आणले तर आपण एका मताने जिंकतो. एका! तू बाहेर थांबलीस की समसमान. समसमान झालं की निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि अध्यक्ष नेहमी आहे तसंच राहू द्या म्हणतात. म्हणजे विधेयक पडलं. कुणी पाडलं? तू!"

"तात्या, चौथ्या दाराला माणूस नाही."

"एवढी वर्षं कुठे होता माणूस? कुणी मेलं?"

"मला माहीत असून मी आत बसू शकत नाही."

तात्या छताकडे बघून म्हणाले, "स्वतःच्या विधेयकाला स्वतःचंच मत नाही! हा हिरा कुणी शोधून आणला? मी! या माझ्या डोक्याने!" आणि डोक्यावर दोन चापट्या मारून घेतल्या. जोरात नव्हत्या, पण मला फार वाईट वाटलं.

२६ मार्च

उद्या मतदान. दुपारी घरी बाबांना विचारलं, मी चुकतेय का?

"दारावरच्या माणसाने दार सोडायचं का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"पण विधेयक पडलं तर तशी कुलपं शहरभर राहतील. एका दारापायी हजार दारं. गणितात हे चूकच आहे ना?"

बाबांनी पेपराच्या कडेला आकडे मांडून पाहिले. गणित त्यांनीच शिकवलेलं. शेवटी म्हणाले, "पडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा आण. तोवर चौथा शिपाई नेमला असेल."

आई आतून ओरडली, "तुमच्या दोघांच्या शाळेची तपासणीच झाली नाही कधी, तिथे घोळ झालाय!" पण माझी उद्याची साडी तिने इस्त्री करून ठेवली आहे, आणि सोबत माझे दलाचे जुने बूट, पॉलिश केलेले.

२७ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

मी बोलले. दांड्याचं, भिंतीसारख्या दाराचं, सगळं आठवलं. मुलींच्या हातांचं बोलताना थांबले, तर कुणी हसलं नाही. मग घंटा वाजली. या वेळी मी कुणाला बाहेर काढलं नाही. एकटीच बाहेर गेले आणि चौथ्या दाराशी उभी राहिले, किल्ली मुठीत घेऊन. बाकीच्या तीन दारांवर तीन शिपाई. पाणी पिऊन आलेले.

आमदार माझ्यासमोरून आत गेले. सवयीने मी मनात मोजत होते. तात्यांनी जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. घंटा थांबली. मी दार ओढून घेणार, एवढ्यात मालक बाहेर आले, छातीवर हात ठेवून.

"आत गुदमरतंय गं. जरा हवा खातो."

"मालक, दार लागतंय! मत जाईल तुमचं!"

"जाऊ दे. जीव आधी. तूच सांगत असतेस ना सगळ्यांना?"

त्यांना स्टुलावर बसवलं. कुलूप लावावंच लागलं. मग गुडघ्यावर बसून मालकांची नाडी पाहिली. एकदम नियमित. घाम नाही. डाव्या हातात कळ येतेय का, विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "यायला हवी का?"

गोंधळलेला रुग्ण. मी त्यांच्या गळ्याचं बटण सैल केलं. डॉक्टरांना बोलावते म्हटलं तर माझा हात धरून म्हणाले, "तू दार सोडायचं नाहीस ना? मग बस गप. बरं, तो आडवा दांडा किती जाड हवा?"

रुग्णाचं लक्ष दुसरीकडे असलेलं बरं, म्हणून मी सगळं नीट समजावून सांगितलं. दांड्याची उंची, बिजागऱ्या कुठल्या बाजूला, दाराबाहेरची पायरी कशी नको. त्यांनी खिशातून तिकीट काढून त्यामागे लिहून घेतलं. मध्येच म्हणाले, "माझ्या बापाने खिडकीवर बसून तिकिटं विकली. एका हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यायचं, असा त्याचा हिशोब." हे कशावरून निघालं, कळलं नाही. भ्रम असेल या भीतीने मी पुन्हा नाडी पाहिली.

मग आतून टेबलं बडवल्याचा आवाज आला. हात आपटल्यासारखाच तो आवाज, पण मी कुलूप काढलं तर समोर तात्या, आणि तात्या नाचत होते. शब्दशः. आमचं विधेयक एका मताने मंजूर झालं!

मी वऱ्हांड्यातच खाली बसले. मालक स्टुलावरून उठले, तात्यांना म्हणाले, "मी आजारी आहे. फार आजारी आहे. आमच्या पक्षात सगळ्यांना सांगा," आणि जिना झपाझप उतरून गेले. अशा तब्येतीत जिना झपाझप उतरायचा नसतो.

आई-बाबांना फोन केला. आई रडली. बाबांनी विचारलं, "चौथ्या दाराला काही झालं नाही ना?"

२८ मार्च

झोप लागली नाही. आनंदाने नव्हे. हिशोब उलगडला म्हणून.

मालक आत असते तर विरोधात एक मत वाढलं असतं. समसमान. विधेयक पडलं असतं. म्हणजे माझं विधेयक एका आजारी म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखलं म्हणून मंजूर झालं. याला जिंकणं म्हणतात का?

सकाळी त्यांच्या घरी तब्येत विचारायला गेले. सूनबाई म्हणाल्या, ते पहाटेच सुताराला घेऊन थिएटरवर गेलेत. मी चांगलीच बोलले. अशा माणसाला घराबाहेर सोडतात? सूनबाई "हो, हो" करत पदर तोंडाला लावून आत गेल्या. बिचारीला रडू आलं असावं.

३० मार्च

तात्यांना सांगितलं, मी अध्यक्षांकडे जाऊन फेरमतदानाची विनंती करणार. तात्या खुर्चीत बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. म्हणाले, "जा. मला आता कशाचंच आश्चर्य वाटत नाही."

अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुम्ही स्वतः तपासलंत त्यांना?"

"हो साहेब."

"घाम?"

"नव्हता."

"नाडी?"

"घड्याळासारखी."

"धाप?"

"दांड्याची माहिती न थांबता लिहून घेत होते."

"मग ते आजारी होते असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"तेच तर मला कळत नाहीये, साहेब. लक्षण एकही नव्हतं. म्हणून तर काळजी वाटते."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले. "सदस्याने बाहेर जाऊन हवा का खाल्ली, हे विचारायचा अधिकार मला कुठलाच नियम देत नाही. घरी जा, बाई. आणि चौथ्या शिपायाच्या नेमणुकीवर मी आज सही केली आहे."

मन हलकं झालं. निम्मंच, पण झालं.

५ एप्रिल, रविवार

सावकाशची माफी मागितली. तो कशाबद्दल हेच विसरला होता. बोलता बोलता कळलं, मतदानाच्या दिवशी तो बंब घेऊन सभागृहाच्या बागेबाहेर उभा होता. पाणी भरायला, म्हणाला. तिथे पाणी भरायची सोय आहे हे मला माहीत नव्हतं. नोंद घ्यायला हवी.

काटा हिरव्यात.

११ एप्रिल, शनिवार

मालकांनी आज आम्हाला थिएटरवर बोलावलं होतं. मला, आई-बाबांना आणि आमच्या स्टेशनवरच्या सगळ्यांना. कायद्यावर अजून शेवटची सही व्हायची आहे, पण त्यांनी तीनही थिएटरांची मागची दारं बदललीसुद्धा. बाहेरून नुसती भिंत, मूठ नाही, काही नाही. आतून आडवा दांडा, लाल रंगवलेला.

मालक म्हणाले, "ढकल."

मी हाताने ढकलणार होते, तर आई म्हणाली, "पहिलीतलं मूल ढकलेल म्हणाली होतीस ना? मग तसं ढकल." म्हणून मी पाठ टेकवली आणि नुसती मागे रेलले. दार उघडलं. आवाजसुद्धा नाही. मी जवळजवळ रस्त्यावर पडले, सावकाशने धरलं. तो नेमका दाराबाहेर उभा होता. बाहेर संध्याकाळचा उजेड होता आणि पलीकडचा भाजीवाला आम्हा सगळ्यांकडे बघत होता. मालकांनी दार पाच-सहा वेळा उघडलं आणि लावलं, मग भाजीवाल्याला हाक मारून त्याला बाहेरून उघडायला लावलं. त्याला जमेना. मालकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "मालक, आता तब्येत कशी आहे?"

"कसली तब्येत?"

बाबा जोरात खोकले.

"हां, ती तब्येत! उत्तम. हवा लागली ना." मालकांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी मालकांकडे, आणि दोघेही दाराच्या बिजागऱ्या तपासायला लागले.

घरी येताना बाबा म्हणाले, "तुला एक गोष्ट आम्ही शिकवायची विसरलो. दाराशी येऊन उभा राहणारा प्रत्येक माणूस काही गुदमरलेला नसतो."

"मग कशाला येतो?"

"आईला विचार."

आई म्हणाली, "प्रश्न नीट वाच."

मी अजून वाचतेच आहे. मालकांपाशी येऊन थांबते, मग पुढे सरकते, मग कान गरम होतात आणि पुन्हा मागे येते.

उद्या रविवार. सावकाश काटा बघायला येईल. मी आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. काटा हिरव्या पट्ट्यात आहे, अगदी मधोमध. त्याला सांगणार नाही.